अळीच्या चित्राबाबत तक्रार अर्ज

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी ते बुलढाण्याला माझ्याकडे आले होते आणि त्यांनी माझ्या जेवणाच्या टेबलावर एक अळी सोडली.

मुद्दाम सोडली असं नाही. प्लास्टिकच्या डब्यात कपाशीची सात-आठ बोंडं घालून ते आमच्या गावाहून, धामणगाव बढ्याहून, एसटीने आले होते. बोंड वरून हिरवंगार, टवटवीत. बाबांनी ते दोन्ही अंगठ्यांनी दाबून फोडलं, आत सरकी कुरतडत बसलेली गुलाबी अळी निघाली, आणि ती सावकाश चालत माझ्या उत्तरपत्रिकांवर गेली. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. सहामाहीचे निबंध अजून तपासायचे राहिले होते. अळी एका निबंधाच्या दुसऱ्या परिच्छेदापाशी थांबली आणि मागे वळली.

"पाह्य वं," बाबा म्हणाले, "तिले बी पटलं नाही."

दोन हजार सतराचा नोव्हेंबर होता. त्या वर्षी अख्ख्या तालुक्यात असं एक बोंड नव्हतं ज्यात कोणी राहत नव्हतं. बाबा कृषी सहायक म्हणून निवृत्त झालेले, आणि बीटी कपाशी नवी होती तेव्हा ग्रामपंचायतीच्या सभागृहात उभं राहून त्यांनीच गावाला सांगितलं होतं, "हे लावा आणि पुढची वीस वर्षं अळीचं नाव विसरा." वाक्य त्यांचं नव्हतं. वरून आलेल्या कागदावर होतं. पण कागद फाटून गेला आणि गावाला आवाज तेवढा लक्षात राहिला. त्या वाक्याला बारा वर्षं झाली होती आणि अळीचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. त्याच्या मागोमाग बाबांचं.

म्हणून गेले तीन महिने बाबा गावातल्या शेतकऱ्यांच्या 'कास्तकार मंडळ' या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूचना लिहीत होते. सूचना क्रमांक एक ते एक्केचाळीस. प्रत्येक सूचना आधी वहीत लिहायची, वही मला दाखवायची, मी लाल पेनाने निदान सहा ठिकाणी खुणा करायच्या, मग ती ग्रुपवर जायची. एक्केचाळीस सूचनांत मी एकदाही समासात 'चांगलं' असं लिहिलं नाही. आमच्या घरात तशी पद्धत नाही. भाजी चांगली झाली तर आमच्याकडे दुसऱ्यांदा वाढून घेतात, बोलत नाहीत.

"लोकं वाचत काऊन नाहीत वं संजू?" बाबांनी विचारलं.

"कारण तुम्ही सूचना लिहिता, बाबा. सूचना कोण वाचतं?"

"मंग काय लिहू? कविता?"

मी मान वर न करता काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते पुढे सांगेन. किंवा सांगणार नाही. हे लिहिताना अजून ठरलेलं नाही.

 बाबांनी अळीला काडीवर घेऊन डब्यात घातलं, चहा प्यायले, आणि तीनच्या एसटीला निघाले. दारातून म्हणाले, "तुले एक वस्तू पाठवतो. पाहून सांगजो."

मी म्हणाले, "दार ओढून घ्या."

हे आमचं शेवटचं बोलणं. मी बरीच पुस्तकं वाचली आहेत. त्यांत लोकांची शेवटची बोलणी याहून बरी असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीतल्या खुर्चीत, चहाचा कप हातात असताना, बाबा गेले. कप सांडला नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासूनच थकलेलं होतं. आम्हाला कोणालाच ते ठाऊक नव्हतं. बाबांनी त्याची सूचना काढली नव्हती.

तिसऱ्या दिवशी माणसं बसायला आली. आमच्याकडे बसायला येणं म्हणजे खरोखर बसणं. पुरुष अंगणात सतरंजीवर, बायका आत आईजवळ, आणि फार बोलायचं नाही. अंगणाच्या कडेला बसलेल्या एका माणसाचे खांदे हलत होते. डोकं गुडघ्यांत, रुमाल तोंडावर. बाबांसाठी परका माणूस इतका रडतो आहे, असं मला वाटलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्यापाशी गेले, खाली वाकले, आणि मला त्याच्या मांडीवरचा मोबाइल दिसला.

पडद्यावर एक लठ्ठ गुलाबी अळी पांढऱ्याशुभ्र बोंडातून अर्धी बाहेर आली होती. तिला बाबांचा चेहरा होता. चष्म्यासकट. बाबा प्रसन्न हसत होते, आणि अळीच्या तोंडून एक वाक्य निघत होतं: 'वीस वर्षं माझं नाव विसरा!'

तो माणूस माझ्याकडे पाहून ताडकन उठला. "ताई, मी नाही बनवलं," तो म्हणाला. "मले कडूबानं पाठवलं. कडूबाले कोनं पाठवलं, काय माहीत." मग त्याने ते पाणी मात्र पिऊन टाकलं.

चित्रावरची वेळ बाबा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळची होती. म्हणजे संध्याकाळी गाव त्यांच्यावर हसलं आणि सकाळी ते गेले. मला यात आणखी काही सिद्ध करायची गरज वाटली नाही. मी आत जाऊन आईला विचारलं, "त्या दिवशी घरी आल्यावर बाबा कसे होते?"

आई म्हणाली, "फोन पाहू पाहू हासून राह्यले होते. दोन भाकरी खाल्ल्या."

आई मला समजावते आहे असं मी धरलं. माझी आई, अंबूबाई, जन्मात कोणाला समजावायच्या भानगडीत पडलेली नाही, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

मी ठरवलं ते काम अगदी छोटं होतं. ते चित्र पुसून टाकायचं. जगातून. जमल्यास तेरवीच्या आत.

आमच्या शेजारचे शेखरभाऊ कायद्याचे जाणकार आहेत. सतरा वर्षांपूर्वी एका पंचनाम्यावर त्यांनी पंच म्हणून सही केली, तेव्हापासून गावातलं कोणतंही भांडण त्यांच्या सल्ल्याशिवाय वाढत नाही. त्यांनी आधी बाबांचा फोन मागितला. आईने तो बंद करून देवघराच्या फळीवर ठेवला होता. उघडायची खूण कोणालाच माहीत नव्हती. शेखरभाऊंनी ठिपक्यांवरून बोट फिरवून नारायणराव या बाबांच्या नावाचा 'न' काढून पाहिला, मग ओम, मग स्वस्तिक, मग कपाशीचं पान. पाचव्या प्रयत्नाला फोनने आम्हाला कायमचं बाहेर काढलं.

"हा सायबर गुन्हा हाय," शेखरभाऊ म्हणाले. "यात आत जाते मानूस. सरळ आत."

"कोण?"

"ते मंग पोलीस ठरवतीन. आपन फक्त अर्ज द्यायचा."

अर्ज मात्र तेरवीनंतर द्यायचा असं ठरलं, कारण मधे फ्लेक्सचा प्रश्न उभा राहिला. माणूस गेला की चौकात त्याचा 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फलक लागतो. न लावला तर घरच्यांमध्ये काहीतरी बिनसलंय असं लोक धरून चालतात. फलकाला फोटो लागतो, आणि बाबांचा फोटो नव्हता. म्हणजे दोन होते. एक रेशन कार्डावरचा, ज्यात ते फरार वाटत. दुसरा निवृत्तीच्या सत्काराचा, ज्यात हार, श्रीफळ आणि शाल स्पष्ट असून बाबांचे डोळे मिटलेले. श्रद्धांजलीला मिटलेले डोळे फारच औचित्यपूर्ण झाले असते.

गाव आणि बुलढाणा यांच्या वाटेवर मोताळ्याला कय्यूमभाईंचं फ्लेक्सचं दुकान आहे. मी फोन करून अडचण सांगितली. ते म्हणाले, "फोटूची फिकर नका करू ताई. सरचा फोटू मेरे पास है. एकदम साफ."

मला इतकं हायसं वाटलं की तो त्यांच्याकडे कसा, हे मी विचारलं नाही.

तेरवीच्या सकाळी कय्यूमभाईंनी स्वतः येऊन फलक चौकात बांधला. मी पोहोचले तेव्हा तिथे तीस-चाळीस माणसं जमली होती आणि श्रद्धांजली वाहायला आलेल्या माणसांनी पाहू नये अशा नजरेने वर पाहत होती. फोटो खरोखरच साफ होता. चष्म्याच्या काचेत दुकानाचं दार दिसत होतं. बाबा प्रसन्न हसत होते. आणि हनुवटीच्या खाली, सदऱ्याची कॉलर असायला हवी त्या जागी, गुलाबी रंगाची दोन गुबगुबीत वळी होती.

मी वर्गात कॉपी पकडल्यावर जो आवाज काढते तो काढला. "कय्यूमभाई. खाली उतरवा."

"ताई, कापतांनी थोडंसं राहून गेलं, मानतो मी. लेकिन सुनो तो, हा फोटू सरनं खुद..."

"एक शब्द बोलू नका."

"लेकिन ताई..."

"एक शब्दही नाही."

कय्यूमभाई गप्प झाले. शिडीवर चढून त्यांनी दोऱ्या सोडल्या, फलक खाली घेतला, मातीला लागू न देता त्याची चादरीसारखी घडी घातली आणि गाडीच्या मागे बांधून निघून गेले. तेवढ्या वेळात चार जणांनी फोटो काढले होते. दुपारी पंगत बसायच्या आत फलकही फिरू लागला.

आता कर्तव्य स्पष्ट होतं.

इथे मला एक गोष्ट कबूल करायला हवी. मी दरवर्षी कॉलेजात अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर वादविवाद स्पर्धा घेते आणि परीक्षक असूनही मनातून एकाच बाजूची असते. दोन हजार पंधरात सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६ अ कलम रद्द केलं, म्हणजे इंटरनेटवर कोणाला त्रासदायक वाटेल असं लिहिल्याबद्दल माणूस उचलायची सोय बंद केली, त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते. प्राचार्यांनी दोन घेतले होते.

आधी मी बुलढाण्याला, सायबरवाल्यांकडे गेले. तिथे विचारलं, चित्र पाहिलं कुठे? मी म्हणाले, धामणगाव बढ्याला, अंगणात. बनवलं कुठे? माहीत नाही. तुम्ही राहता कुठे? बुलढाण्याला. ज्यांचं चित्र आहे ते? मी म्हणाले, ते आता कुठेच राहत नाहीत. लिहिणाऱ्याचं पेन जरा थांबलं, मग म्हणाला, "मग तुमच्या गावच्या ठाण्यात द्या. अळी तिकडचीच दिसते."

ठाण्यात निवृत्ती हवालदार होते. वयस्क, भला माणूस, टेबलावर पाण्याची बाटली आणि कायद्याचं पुठ्ठा सुटलेलं पुस्तक. मी सगळं सांगितलं. त्यांनी दीर्घ उसासा टाकला.

"ताई, तीन वरसं आंधी आल्या असत्या तं काम झालं असतं. ६६ अ होतं तवा. लय मोठ्या पोटाचं कलम. काहीबी टाका, मावत होतं. कोर्टानं काढून टाकलं."

"ठाऊक आहे."

"कोनाले इतकी खुशी झाली असंन, काय माहीत."

मी पेढ्यांविषयी काही बोलले नाही. उलट माझ्या तोंडून निघालं, "मग दुसरं एखादं असेल ना? तसंच?" हे वाक्य मी उच्चारलं. माझे अकरावीचे वादपटू तिथे नव्हते, एवढंच.

"६७ पाहू," हवालदार म्हणाले. "ते अश्लील चित्राचं हाय." त्यांनी चष्मा चढवला, माझ्या कॉलेजातल्या शिपायाच्या फोनवरून मला आणि माझ्या फोनवरून त्यांना आलेलं चित्र मोठं केलं आणि बारकाईने पाहिलं. "अळीच्या आंगावर कपडे नाहीत."

"अळीच्या अंगावर नसतातच."

"हाव, पन मानंच्या वर सायेब हायेत. म्हंजे कायद्यानं पाह्यलं तं सायेब..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फोन पालथा ठेवला. "राहू द्या. बरं नाही दिसत."

मग ४९९-५००, अब्रुनुकसानी. त्यात अडचण अशी की गुन्हा अदखलपात्र, पोलीस सरळ हात घालू शकत नाहीत. आणि मेलेल्या माणसाची अब्रू असते का, हा प्रश्न. हवालदारांनी पुस्तकात बोट घालून वाचलं. असते, पण नातेवाइकांच्या भावना दुखावण्याचा हेतू असला पाहिजे.

"तुमच्या भावना दुखावल्या का?"

"हो."

"तसं लिहा. जरा सविस्तर लिहा."

मी आयुष्यभर मुलांना भावना कमी शब्दांत लिहायला शिकवलं आहे. मी लिहिलं, 'दुखावल्या आहेत.' हवालदारांनी वाचून अर्ज परत दिला. म्हणाले, यानं काही होनार नाही, याच्यात रडनं पायजे. शेखरभाऊ माझ्यासोबत आले होते. त्यांनी माझ्या वतीने पाऊण पान लिहिलं. त्यात मी अन्नपाणी सोडलेलं होतं.

अर्जाला चित्राची रंगीत छापील प्रत जोडायची होती. तीन प्रती. मी झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभी राहिले आणि माझे वडील अळीच्या रूपाने एकेक करून यंत्रातून बाहेर येताना पाहिले. मागचा माणूस म्हणाला, "ओ, एक कापी मले बी." शिवाय तेच चित्र हवालदारांनी तपासासाठी वरच्या साहेबांना पाठवलं, साहेबांनी बुलढाण्याला, बुलढाण्याहून कोणीतरी 'हेच का ते?' असं विचारत आणखी तिघांना. मी स्वतः ते चार वेळा पुढे पाठवलं. त्या महिन्यात चित्राचा सगळ्यांत जास्त प्रसार कोणी केला असेल, तर तो माझ्या अर्जाने.

दहा दिवसांनी हवालदारांचा फोन आला. या, म्हणाले, जरा घोळ हाय.

टेबलावर दोन अर्ज शेजारी शेजारी ठेवले होते. एक माझा. दुसरा बियाण्याच्या एका दुकानदाराचा, ठाण्यातल्या दुसऱ्याच माणसाने घेऊन फायलीत घातलेला. तारीख बाबा गेले त्याच दिवसाची. दोन्ही अर्जांना तेच चित्र जोडलेलं. फक्त त्याची प्रत माझ्यापेक्षा चांगली निघाली होती.

"त्याचं म्हननं," हवालदार म्हणाले, "नारायणराव सायेबानं हे चित्र टाकून बियान्याची बदनामी केली, त्यायच्यावर कारवाई करा. तुमचं म्हननं, हे चित्र टाकून सायेबाची बदनामी केली, करनाऱ्यावर कारवाई करा. चित्र एकच. आता मले सांगा, मी कोनाले पकडू?"

"तो दुकानदार खोटं बोलतोय."

"म्हनूनच कडूबाले बोलावलं."

कडूबा दाराशी उभा होता. पन्नाशीचा, डोक्याला रुमाल, पायात धुतलेल्या चपला. ठाण्यात यायचं म्हणून धुतलेल्या. चित्र पुढे पाठवणारा म्हणून अर्जात मी याचं नाव लिहिलं होतं. शेखरभाऊंनी त्याच्यापुढे 'कुप्रवृत्तीचा' असं विशेषण घातलं होतं आणि मी, विशेषणं कापण्यासाठी कॉलेजभर प्रसिद्ध असलेली, ते राहू दिलं होतं.

"ताई," कडूबा म्हणाला, "म्या पाठवलं, हे खरं. हात जोडतो. पन बनवलं नाही. सायेबानं सोताच टाकलं ना ग्रुपवर."

त्याने फोन माझ्यापुढे धरला. बोटाने वर सरकवत सरकवत तो त्या संध्याकाळपर्यंत गेला. पाच वाजून चाळीस मिनिटं. पाठवणारे: नारायणराव सायेब. एक नाही, दोन चित्रं. पहिलं अळीचं. त्याच्या खाली दुसरं, साधं, पांढऱ्यावर काळं:

'सूचना क्र. ४२. हसून झालं असेल तर आता वाचा. बारा वर्षांपूर्वी मी सभागृहात बोललो ते चुकलं. आता बोलतो ते चुकीचं नाही. डिसेंबरअखेर पऱ्हाटी मुळासकट उपटा, कपाशीचं एक झाड उभं ठेवू नका. फरदडीचा मोह धरू नका. हंगाम संपल्यावर तोच कापूस उभा ठेवला तर अळीला पुढच्या वर्षापर्यंत घर मिळतं. किडकी बोंडं बांधावर टाकू नका, जाळा. माझ्यावर राग असेल तर माझ्यावर काढा, बोंडात ठेवू नका.'

खाली हसून डोळ्यांतून पाणी येणाऱ्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. मोजायला मला धीर झाला नाही.

"आणि हे दुसरं?" मी विचारलं. "हे का नाही पाठवलंत पुढे?"

कडूबा खरोखर गोंधळला. "सूचना कोन पुढं पाठवते, ताई?"

हेच मीही बोलले होते. जवळजवळ याच शब्दांत.

"तुम्ही हसलात?"

"हासलो तं. लय हासलो. सायेबाचा राग होता ना मले, बारा वरसाचा. हासल्यावर थोडा कमी झाला. मंग खालचं वाचलं. मंग पऱ्हाटी उपटली."

"गावात किती जणांनी उपटली?"

"एकानं."

"कोणी?"

"म्याच."

 हवालदारांनी बाटलीचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. मग ते वहीकडे पाहत म्हणाले, "म्हंजे असं झालं. ज्यायनं बदनामी केली ते नारायणराव. ज्यायची झाली ते बी नारायणराव. आरोपी मयत, पीडित मयत. फिर्यादी मुलगी. तीस वरसाच्या नोकरीत असा कागद मी पाह्यला नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "ताई, तुमचा अर्ज चालवला तं त्याचा बी चालवा लागंन. मंग सायेबाचं नाव रजिस्टरात चढते. त्या दिवशी ते कलम जित्तं असतं ना, तं सकाळीच फोन गेला असता त्यायले. ठान्यात या म्हनून."

मी त्या सकाळचा विचार केला. ओसरी, खुर्ची, चहाचा कप, आणि ठाण्यातून आलेला फोन. मी वाटलेल्या पेढ्यांनी माझ्या वडिलांना एवढं दिलं होतं: शेवटचा चहा त्यांना कोणी न बोलावता पिता आला. आणि गेले दहा-बारा दिवस मी तेच कलम परत मागत हिंडत होते.

अर्ज मागे घेण्यासाठीही अर्ज लागतो. मी लिहिलं, 'माझी कोणाविरुद्धही तक्रार नाही.'

"कोनाविरुद्धच नाही?" हवालदारांनी विचारलं. "नंतर बदलता येत नाही."

"एका व्यक्तीविरुद्ध आहे. पण तिचं नाव फिर्यादीच्या जागी आलंय."

त्यांना ते कळलं की नाही, माहीत नाही. त्यांनी शिक्का मारला. कडूबाने बाहेर येऊन मला रस्ता ओलांडून दिला, मला गरज नसताना, आणि एसटी येईपर्यंत लांब, रुमाल हातात घेऊन उभा राहिला. मी त्या विशेषणाबद्दल त्याची माफी मागायला हवी होती. एसटी आली.

मोताळ्याला मी उतरले.

कय्यूमभाई दुकानात एकटेच होते. मला पाहून उठले, स्टूल पुढे सरकवलं, आणि उभेच राहिले. काही बोलले नाहीत. दोन-तीन मिनिटं गेल्यावर माझ्या लक्षात आलं की ते का बोलत नाहीत.

"बोला, कय्यूमभाई."

"तुमीच म्हनलं होतं ताई. एक शब्दही नाही."

"चुकलं माझं. बोला."

त्यांनी कॉम्प्युटर सुरू केला. "इसी स्टुलावर बसले होते सर. बुलढाण्याहून आले, डब्यातून अळी काढली, म्हने, कय्यूम, हिचा फोटू काढ. काढला. मंग म्हने, आता माझा काढ. पयले रागाचा काढला. सरले पसंत नाही पडला. बोले, 'अळी खुशीत पायजे.' तीन डाव काढला. मैं भी हसा, सर भी हसे. मी म्हनलं, सर, लोग क्या बोलेंगे? म्हने, 'बोलू दे. पोट्टीनं सांगितलं हाय. मराठीची मास्तरीन हाय ते.'"

सांगेन की नाही ते ठरलं नव्हतं. आता सांगते. बाबांनी त्या दिवशी विचारलं होतं, मग काय लिहू, कविता? आणि मी निबंधावर खूण करत म्हणाले होते, "लोकांना हसवा. आणि स्वतःवर हसवा. माणूस स्वतःला हास्यास्पद करत नाही तोवर त्याचं कोणी ऐकत नाही." हे माझं मतही नव्हतं. 'विनोदी लेखनाची वैशिष्ट्ये' या माझ्या वर्गटिपणातला तो मुद्दा क्रमांक तीन आहे. मुलं तो पाठ करतात आणि विसरतात. बाबांनी तो ऐकला, आणि एसटी मोताळ्याच्या वाटेवरचा राजूर घाट उतरेपर्यंत अमलात आणायचं ठरवलं. त्या हसण्याने ते सुखावले की आतून खचले, हे मला आता कोणीही सांगू शकणार नाही. आईने एकदा सांगितलं होतं, ते मी ऐकलं नाही.

"म्हणजे हा फोटो," मी म्हणाले, "त्याच दिवसाचा?"

"हाव ना. पाचच्या आसपासचा. तेच तर सांगत होतो तेरवीले. आखरी फोटू होता सरचा. म्हनून लावला. कॉलरीपाशी कापायचं राहिलं, ते गलती माझी."

"मला पाठवतो म्हणाले होते."

"मी म्हनलं, ताईले आत्ताच पाठवा. तं म्हने, 'नाही. आंधी लोकं हासू दे. नाहीतं ते लाल पेन काढंन.'" कय्यूमभाईंनी एक फाइल उघडायला घेतली. "फिर बोले, 'उद्या पाठवतो. तिनं बरं म्हनलं, तं बरं.'"

पडद्यावर चित्र आलं. फोनवर ते मी शंभर वेळा पाहिलं होतं. एवढं मोठं, एवढं स्वच्छ कधी पाहिलं नव्हतं. बोंडाच्या पाकळ्या बाबांनी नेमक्या उघडून घेतल्या होत्या. अळी खरोखर खुशीत होती. तिच्या चष्म्याच्या काचेत कय्यूमभाईंच्या दुकानाचं दार दिसत होतं, दारातला ऊन पडलेला रस्ता, आणि मला हसू आलं. आवाज करून आलं. कय्यूमभाईंनी नजर दुसरीकडे वळवली, कारण नंतर ते हसू राहिलं नाही.

मी स्टुलावरून उठले आणि पडद्याकडे पाहून, दुकानाबाहेरच्या माणसांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले,

"बाबा, चांगलं झालंय. खूप चांगलं झालंय. यात मला काही बदलायचं नाही."